पानाच्या आतली बुरशी आणि जिवाणूरोधक संयुगं : नवख्या संशोधकासाठी पायरीपायरीने

उष्णकटिबंधीय जंगलातल्या झाडाचं धडधाकट, एकही डाग नसलेलं हिरवं पान घेतलं, तरी त्याच्या आत बुरशी राहत असते. झाडाला उघड त्रास न देता त्याच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या या बुरश्यांना एंडोफाइट किंवा अंतर्वासी बुरशी म्हणतात. २००० साली एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी मध्य पनामातल्या सखल, दमट जंगलातल्या दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली. त्यांतून दिसण्यावरून वेगळे ठरणारे बुरशीचे ४१८ प्रकार मिळाले. निम्म्याहून जास्त प्रकार एकेकदाच सापडले होते, म्हणजे आणखी पानं घेतली असती तर आकडा वाढतच गेला असता.

इतक्या दाटीत राहणाऱ्या बुरश्या एकमेकींशी आणि जिवाणूंशी जागेसाठी, अन्नासाठी झुंजतात, आणि त्यांचं मुख्य हत्यार रासायनिक असतं. बुरशीने आपल्याला पेनिसिलिन दिलं, सेफॅलोस्पोरिन दिलं, फ्युसिडिक आम्ल दिलं. १९५१ साली एका अळंबीतून सापडलेल्या प्लुरोम्युटिलिनपासून तयार झालेलं लेफाम्युलिन हे न्यूमोनियावरचं औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. पानातल्या बुरशीचंही एक उदाहरण आहे : ज्युनिपरच्या जिवंत पानांत राहणाऱ्या हॉर्मोनेमा बुरशीतून एन्फ्युमाफंगिन मिळालं आणि त्यात रासायनिक बदल करून घडवलेलं आयब्रेक्साफंजर्प २०२१ साली औषध म्हणून मंजूर झालं. ते जिवाणूंवर नव्हे, यीस्टच्या संसर्गावर चालतं आणि ज्युनिपर हे उष्णकटिबंधातलं झाड नव्हे. पण पानापासून औषधापर्यंतचा रस्ता खरोखर आहे, एवढं त्यावरून कळतं.

हा लेख सूक्ष्मजीवशास्त्राची साधी प्रयोगशाळा हाताशी असलेल्या, पण या विषयात पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसासाठी आहे. जिवाणूंच्या प्लेटवर बुरशीच्या तुकड्याभोवती स्वच्छ गोल दिसणं फारसं अवघड नसतं. तो गोल कशामुळे आला, तो पुन्हा येतो का आणि त्यामागचं संयुग आधीच कुणाला माहीत आहे का, या प्रश्नांची उत्तरं मिळवणं हे खरं काम. म्हणून काही पायऱ्या मी झटकन ओलांडणार आहे आणि काहींवर बराच वेळ थांबणार आहे.

पायरी १ : परवानगी आणि नोंद

पान तोडण्याआधी कागद पूर्ण करा. २०१० साली स्वीकारलेला आणि २०१४ साली लागू झालेला नागोया करार सांगतो की, जैविक संसाधनांतून होणाऱ्या फायद्यात ती जिथली आहेत त्या देशाचा वाटा असायला हवा. त्यानुसार अनेक देशांनी आपापले नियम केले आहेत. संरक्षित जंगलासाठी वेगळी परवानगी लागते, नमुना किंवा बुरशीचं कल्चर परदेशी पाठवायचं असेल तर आणखी वेगळी. सगळं काम झाल्यावर परवानगी मागत बसलेलं संशोधन प्रकाशित होणं फार कठीण जातं.

झाडाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून करून घ्या आणि फुला-फळांसह वाळवलेला नमुना वनस्पती संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक घ्या. स्थानिक नावावर भरवसा ठेवू नका. एकाच नावाने तीन जाती ओळखल्या जातात.

पायरी २ : पानं निवडणं

कोवळी पालवी टाळा. उष्णकटिबंधीय झाडांची बहुतेक पानं जन्मतः बुरशीमुक्त असतात; हवेतले आणि पावसाच्या थेंबांबरोबर आलेले बीजाणू त्यांच्यात हळूहळू शिरतात आणि पान जून होईपर्यंत ते पुरतं वसलेलं असतं. तेव्हा पूर्ण वाढलेली, पण पिवळी न पडलेली पानं घ्या. डाग, छिद्रं, किड्यांची घरं, शेवाळ किंवा काजळी असलेलं पान नको, कारण त्यातून रोगकारक किंवा मृतोपजीवी बुरशी जास्त मिळते.

एकाच झाडाची वीस पानं घेण्यापेक्षा चार-पाच झाडांची मिळून वीस घेतली तर विविधता जास्त हाती लागते. पानं कागदी पाकिटात ठेवून ते पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, थंड पेटीतून आणा, गोठवू मात्र नका. २४ तासांत काम सुरू करता आलं तर उत्तम. दोन दिवसांपलीकडे पान मरायला लागतं आणि आत दबून असलेल्या जलद वाढणाऱ्या बुरश्या बाकीच्यांवर कुरघोडी करतात.

पायरी ३ : पृष्ठभागाचं निर्जंतुकीकरण

इथे घाई करू नका. पानाच्या बाहेरच्या बाजूवर हवेतून आलेले असंख्य बीजाणू असतात. त्यांतले काही जिवंत राहिले तर तुम्ही पानातली बुरशी म्हणून हवेतला पेनिसिलियम किंवा क्लॅडोस्पोरियम अभ्यासत बसाल. उलट रसायन फार कडक वापरलं किंवा फार वेळ ठेवलं, तर ते पानात झिरपून आतल्याही बुरशीला मारतं. या दोन टोकांमधली वेळ प्रत्येक झाडासाठी शोधावी लागते.

सुरुवातीला हा क्रम वापरा : वाहत्या पाण्याखाली पान हलक्या हाताने धुवा. ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट. मग २ ते ३ टक्के उपलब्ध क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २ ते ३ मिनिटं, अधूनमधून हलवत. पुन्हा ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद. शेवटी निर्जंतुक पाण्यात तीनदा धुऊन निर्जंतुक टिपकागदावर कोरडं करा. वाहत्या पाण्याखालच्या धुण्यानंतरचं सगळं लॅमिनार एअर फ्लोमध्ये.

जाड, चिवट, मेणचट पानांना जास्त वेळ लागतो. पातळ पानांना ३ मिनिटं हायपोक्लोराइट मारक ठरू शकतं. म्हणून पहिल्या खेपेला हायपोक्लोराइटच्या तीन वेगवेगळ्या वेळा लावून बघा. पान शक्यतो अख्खं निर्जंतुक करा आणि मग कापा; आधी कापलं तर कडांतून रसायन आत शिरतं. हायपोक्लोराइटचं द्रावण रोज ताजं करा, कारण उघड्या बाटलीत त्यातला क्लोरीन उडत जातो. ते आम्लात कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ते इथेनॉलच्या भांड्यातही ओतू नका. आणि इथेनॉलने ओली झालेली चिमटी ज्योतीजवळ नेताना इथेनॉलचं भांडं झाकलेलं आणि हातभर दूर असू द्या.

निर्जंतुकीकरण नीट झालं हे दाखवायच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, निर्जंतुक केलेलं पान माध्यमाच्या प्लेटवर दोन्ही बाजूंनी अलगद दाबा, उचला आणि प्लेट बाकीच्यांबरोबर ठेवून द्या. दोन, शेवटच्या धुण्यातलं १०० मायक्रोलिटर पाणी दुसऱ्या प्लेटवर पसरवा. या दोन्हींपैकी कुठेही बुरशी उगवली तर त्या खेपेतले सगळे आयसोलेट, म्हणजे पानांतून वेगळ्या काढलेल्या बुरश्या, टाकून द्यायचे, कितीही आशादायक दिसत असले तरी. शोधनिबंधात फक्त पाण्याची चाचणी देणं मला अपुरं वाटतं. पानाचा ठसा जास्त बोलका असतो, कारण खाचांना चिकटून राहिलेले बीजाणू पाण्यात सुटतीलच असं नाही.

पायरी ४ : प्लेटवरचे आठवडे

पानाच्या कडा आणि देठाकडचा भाग काढून टाका आणि उरलेल्या पात्याचे साधारण २ मिलिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे करा. तुकडा मोठा असेल तर त्यातून सगळ्यात जलद वाढणारी एकच बुरशी बाहेर येते आणि बाकीच्यांना गाडून टाकते. तुकडे लहान केले तर मंद वाढणाऱ्यांनाही संधी मिळते, आणि नवी रसायनं सापडण्याची शक्यता बऱ्याचदा त्यांच्यातच असते.

माध्यम म्हणून बटाटा-डेक्स्ट्रोज अगार किंवा २ टक्के माल्ट अर्क अगार चालतो. जिवाणू वाढू नयेत म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल किंवा स्ट्रेप्टोमायसिन घालतात, लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम. हे प्रतिजैविक लक्षात ठेवा. पुढे ते तुम्हाला फसवू शकतं. एका प्लेटवर पाच-सहा तुकडे ठेवा, पॅराफिल्म लावा आणि २५ ते २८ अंश सेल्सिअसला ठेवा.

पहिल्या आठवड्यात कोलेटोट्रायकम, डायापोर्थे यांसारख्या बुरश्या येतात. त्या उष्णकटिबंधीय पानांत इतक्या सर्रास असतात की त्या न दिसल्या तरच आश्चर्य. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झायलेरिया आणि तिची भावंडं डोकं वर काढतात. महिना होईपर्यंत प्लेट फेकू नका. रोज बघा आणि तुकड्यातून तंतू निघाला की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं अगदी टोक कापून नव्या प्लेटवर न्या. टोक जितकं लहान घ्याल, तितकं मिश्रण टळतं.

नव्या प्लेटमध्ये प्रतिजैविक नको. निदान दोन-तीन वेळा प्रतिजैविकाशिवाय वाढवल्यानंतरच त्या बुरशीची जिवाणूंवर चाचणी घ्या. नाहीतर आधीच्या माध्यमातून तुकड्याबरोबर आलेलं क्लोरॅम्फेनिकॉल प्लेटवर सुंदर गोल काढेल आणि श्रेय बुरशीला मिळेल.

पायरी ५ : जपणूक, चाचणीच्या आधी

बहुतेक जण आधी चाचणी करतात आणि चांगली निघालेली बुरशीच जपतात. मी उलट क्रम सुचवतो. अंतर्वासी बुरशीची एक कुप्रसिद्ध सवय आहे : वारंवार नव्या प्लेटवर हलवत राहिलं की ती संयुग बनवणं कमी करते, कधी पूर्ण थांबवते. झाडाकडून आणि शेजारच्या सूक्ष्मजीवांकडून मिळणारे संकेत प्लेटवर नसतात आणि ज्या जनुकांची गरज उरत नाही ती बुरशी गप्प करते. सहा महिन्यांनी संयुग मोठ्या प्रमाणावर बनवायला घ्याल तेव्हा तुमच्याकडे पहिल्या पिढीची नळी असायलाच हवी.

शुद्ध कल्चर मिळालं की लगेच अगारचे पाच-सहा तुकडे निर्जंतुक पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकून खोलीच्या तापमानाला ठेवा. कॅस्टेलानीची ही जुनी पद्धत अगदी स्वस्त आहे आणि अनेक बुरश्या तिच्यात वर्षानुवर्षं टिकतात. शिवाय २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर दोन नळ्या. नळीवर आयसोलेटचा क्रमांक, पिढी आणि तारीख लिहा. क्रमांकातून झाड, पान आणि तुकडा ओळखता आला पाहिजे.

पायरी ६ : पहिली चाळणी

बुरशी प्लेटवर दहा ते चौदा दिवस वाढवा आणि ६ मिलिमीटर व्यासाची चकती कापा. म्युलर-हिंटन अगारच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर जिवाणूंचा थर द्या. त्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलँड असावा, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १.५ × १० च्या ८ व्या घाताइतके जिवाणू. चकती उलटी ठेवा, काही तास थंडीत राहू द्या म्हणजे संयुग झिरपेल, मग ३५ ते ३७ अंशांवर १६ ते २० तास.

जिवाणूंचे प्रमाणित वाण वापरा (एटीसीसी हा अमेरिकेतला कल्चर संग्रह, पुढे त्यातला क्रमांक) : ग्रॅम-पॉझिटिव्हसाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ आणि बॅसिलस सबटिलिस, ग्रॅम-निगेटिव्हसाठी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३. स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास माणसाला आजारी करू शकतात, त्यामुळे जैवसुरक्षा पातळी २ ची सोय नसेल तर फक्त बॅसिलस सबटिलिसवर प्राथमिक काम करा आणि बाकीचं योग्य प्रयोगशाळेत न्या. बुरशीची प्लेट नाकाजवळ नेऊन वास घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर फार कमी आयसोलेट चालतील. त्यांचं बाहेरचं पटल बऱ्याच रेणूंना आत येऊ देत नाही, आणि जे आत जातात त्यांना पंप बाहेर फेकतात. त्यामुळे फक्त ई. कोलायवर गोल दिसला नाही म्हणून बुरशी निरुपयोगी ठरवू नका.

कंट्रोल तीन हवेत : बुरशी नसलेल्या त्याच माध्यमाची चकती, एखादं ओळखीचं प्रतिजैविक, आणि ज्या माध्यमावर बुरशी वाढली त्याची आम्लता. काही बुरश्या भरपूर सेंद्रिय आम्ल सोडतात आणि नुसत्या आम्लतेनेही जिवाणू थोपतात. चकतीखालच्या माध्यमाला पीएचची पट्टी लावून बघायला मिनिटही लागत नाही.

गोल नसला तरी बुरशी निष्क्रिय असतेच असं नाही. मोठा, तेलकट रेणू अगारमध्ये झिरपत नाही. काही बुरश्यांचं हत्यार वायुरूप असतं. होंडुरासमधल्या दालचिनीच्या झाडातून मिळालेल्या मस्कोडोर अल्बस या बुरशीने सोडलेलं वायूंचं मिश्रण जिवाणू आणि बुरश्या दोन्ही मारतं. अशी बुरशी शोधायची तर मधोमध आडभिंत असलेली प्लेट घ्या, एका कप्प्यात बुरशी आणि दुसऱ्यात जिवाणू वाढवा. म्हणून गोलाच्या मिलिमीटरांवरून आयसोलेटांची गुणवत्ता यादी करू नका. मोठा गोल म्हणजे ताकदवान संयुग हे समीकरणच चुकीचं आहे.

पायरी ७ : बुरशी वाढवणं

निवडलेल्या पाच-सहा आयसोलेटांना आता जास्त प्रमाणात वाढवा. एकाच माध्यमावर अडून राहू नका. २००२ साली जर्मनीतल्या अ‍ॅक्सेल झीक यांच्या गटाने ठामपणे मांडलं की एकच वाण वेगवेगळ्या परिस्थितीत वेगवेगळी संयुगं बनवतो. बटाटा-डेक्स्ट्रोजचं द्रव माध्यम, माल्टचं द्रव माध्यम आणि शिजवलेला तांदूळ हे तीन तरी करा. तांदळासाठी मोठ्या शंकूपात्रात १०० ग्रॅम तांदूळ आणि साधारण तितकंच पाणी घेऊन ऑटोक्लेव्ह करा, बुरशीचे तुकडे टाका आणि न हलवता तीन ते चार आठवडे ठेवा. अंतर्वासी बुरश्या तांदळावर बऱ्याचदा कितीतरी समृद्ध मिश्रण देतात. ओल्या, घट्ट पृष्ठभागावर पसरत वाढणं त्यांच्या मूळ जगण्याच्या जास्त जवळचं आहे, असा माझा अंदाज.

प्रत्येक माध्यमाबरोबर बुरशी न टाकलेलं एक पात्रही तितकेच दिवस ठेवा. त्याचाही अर्क काढायचा आहे. तांदळातली मेदाम्लं अर्कात उतरतात आणि त्यांतली काही स्टॅफिलोकॉकसला थोडीफार रोखतात.

पायरी ८ : अर्क

द्रव माध्यम गाळून त्यात तितकंच इथिल अ‍ॅसिटेट घालून तीनदा हलवा. थर वेगळे झाले की वरचा घ्या. कवकजाल आणि तांदूळ इथिल अ‍ॅसिटेटमध्ये रात्रभर भिजवा. निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या वर न जाता आटवा. तांदळाचा अर्क मग ९० टक्के मिथेनॉलमध्ये विरघळवून हेक्सेनने धुतला की तेलाचा मोठा भाग निघून जातो. इथिल अ‍ॅसिटेट अगदी सहज पेट घेतं, त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली आहे. ज्योत, हीटर, ठिणगी पडणारी उपकरणं जवळ नकोत आणि काम धूरकपाटातच.

पायरी ९ : एमआयसी, म्हणजे आकडा

आता गोल मागे पडतो. जिवाणूची वाढ थांबवणारी किमान मात्रा, म्हणजेच एमआयसी, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये मोजा : म्युलर-हिंटन द्रव, दुपटीने पातळ होत जाणाऱ्या मात्रा, मिलिलिटरला ५ × १० च्या ५ व्या घाताइतके जिवाणू, ३५ अंश, १६ ते २० तास. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, पण खळग्यात डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि नुसत्या डीएमएसओचाही कंट्रोल ठेवा. अर्क गडद रंगाचा असेल तर गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही. रेसाझुरिन घाला, जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात.

दर वेळी ओळखीचं प्रतिजैविकही चालवा. स्टॅफिलोकॉकस एटीसीसी २९२१३ वर व्हँकोमायसिनची एमआयसी मिलिलिटरला ०.५ ते २ मायक्रोग्रॅममध्ये आली पाहिजे, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर जेंटामायसिनची ०.२५ ते १ मध्ये. तसं आलं नाही तर त्या दिवसाचा एकही आकडा वहीत निष्कर्ष म्हणून जाऊ नये.

कच्च्या अर्काची एमआयसी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढे जा. १००० च्या वर असेल तर ते सोडा, कारण इतक्या मात्रेत जवळपास कुठलीही गोष्ट काहीतरी करते. शुद्ध संयुगाची अपेक्षा १० च्या खालची ठेवा.

पायरी १० : जुनं की नवं?

वर्षभराची मेहनत वाचवणारी किंवा वाया घालवणारी पायरी हीच. बुरशीजन्य हजारो संयुगं आधीच नोंदलेली आहेत, आणि जिवाणू मारणारी नेहमीची मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात : ग्लायोटॉक्सिन, पॅट्युलिन, पेनिसिलिक आम्ल, मायकोफिनॉलिक आम्ल, एनिआटिन, बोव्हेरिसिन, इमोडिन. यांतली बरीचशी माणसाच्या पेशींनाही विषारी आहेत. मिश्रण वेगळं करण्याआधीच ती ओळखली तर पुढचा खर्च टळतो.

आधी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी करा आणि पट्टीवर जिवाणू मिसळलेला मऊ अगार ओता. रात्रभर ठेवून एमटीटी हे रंगद्रव्य फवारलं की जिवंत जिवाणूंचा भाग जांभळा होतो आणि जिथे जिवाणू मेले तिथे फिकट ठिपका उरतो. मिश्रणातला कुठला घटक काम करतो हे एका दिवसात कळतं, आणि एकच ठिपका आहे की तीन, हेही. हे तंत्र स्वस्त आहे आणि नवख्यांनी ते जितकं वापरायला हवं तितकं वापरत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

मग अर्काचा एलसी-एमएस, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी, करून घ्या. आपल्याकडे यंत्र नसेल तर विद्यापीठांच्या सामायिक सुविधा केंद्रात नमुना देता येतो. सक्रिय भागातल्या रेणूंचं अचूक वस्तुमान, त्यांचा अतिनील वर्णपट आणि बुरशीची प्रजाती (जीनस), या तिन्ही गोष्टी हाती घेऊन नॅचरल प्रॉडक्ट्स अ‍ॅटलास या खुल्या माहितीसाठ्यात शोधा. जीएनपीएस या खुल्या मंचावर तुमच्या वर्णपटांची तुलना इतरांनी टाकलेल्या वर्णपटांशी होते आणि एकसारखे रेणू एका जाळ्यात गोळा होतात. नुसतं वस्तुमान जुळलं म्हणजे ओळख पटली असं नसतं. एकाच सूत्राचे डझनभर रेणू असू शकतात. पण वस्तुमान, वर्णपट आणि प्रजाती तिन्ही एकाच जुन्या संयुगाकडे बोट दाखवत असतील तर तिथेच थांबा आणि दुसरं आयसोलेट घ्या.

बोट कुठेच जात नसेल तर वेगळं करणं सुरू करा : सिलिकाचा स्तंभ, मग सेफाडेक्स एलएच-२०, मग सी-१८ स्तंभावर एचपीएलसी. प्रत्येक टप्प्यावर सगळ्या भागांची जिवाणूंवर चाचणी घ्या आणि सक्रिय भागच पुढे न्या. कधी कधी वेगळं करताना परिणाम नाहीसा होतो. तेव्हा दोन शक्यता तपासा : संयुग तुटलं, किंवा परिणाम दोन घटकांचा मिळून होता. वेगळे केलेले भाग पुन्हा एकत्र करून चाचणी घेतली की कुठली शक्यता खरी, ते बऱ्याच वेळा उघड होतं.

पायरी ११ : माणसाच्या पेशींचं काय?

जिवाणूला मारणारं संयुग आपल्यालाही मारत असेल तर ते औषध होत नाही. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते भागात डॅफ्नॉप्सिस अमेरिकाना या झाडातल्या अंतर्वासी बुरशीतून २००० च्या सुमारास ग्वानाकास्टेपीन नावाचं संयुग मिळालं. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस आणि व्हँकोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकॉकस, दोन्हींवर ते चाललं. त्याची रचनाही इतकी अनोखी होती की अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत घडवण्यासाठी वर्षं खर्ची घातली. पण ते जिवाणूचं पटल फोडत होतं, आणि माणसाच्या तांबड्या रक्तपेशींचंही. थायलंडमधल्या सागाच्या पानातल्या फोमोप्सिस बुरशीतून २००१ साली मिळालेली फोमोझँथोन ही संयुगं क्षयाच्या जिवाणूवर प्रभावी ठरली, पण सस्तन प्राण्यांच्या पेशींनाही त्यांनी सोडलं नाही.

म्हणून शुद्ध संयुगाचे पहिले दोन मिलिग्रॅम हाती आले की तांबड्या पेशी फुटतात का हे बघा आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या व्हेरो (माकडाच्या) किंवा एचईके-२९३ (माणसाच्या) पेशींवर विषारीपणा मोजा. निम्म्या पेशी मारणारी मात्रा एमआयसीच्या निदान दहापट असावी. याचा आकडा न देता नुसतं जिवाणूरोधक म्हणून जाहीर केलेलं संयुग वाचणाऱ्याला फार काही सांगत नाही.

पायरी १२ : बुरशीची आणि रेणूची ओळख

पानातल्या बऱ्याच बुरश्या प्लेटवर बीजाणू धरतच नाहीत, त्यामुळे दिसण्यावरून नाव ठरत नाही. २०१२ पासून आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशींचा अधिकृत बारकोड मानला जातो. आयटीएस१ आणि आयटीएस४ हे प्रायमर वापरून तो वाढवा आणि अनुक्रम काढून घ्या. माहितीसाठ्यात सगळ्यात वर आलेलं नाव डोळे मिटून उचलू नका. तिथल्या बऱ्याच नोंदींवरची नावंच चुकलेली आहेत. प्रमाण नमुन्यावरून केलेल्या नोंदींशी तुलना करा. कोलेटोट्रायकम आणि डायापोर्थेसाठी आयटीएस पुरत नाही. बीटा-ट्युब्युलिन, टीईएफ१ अशी आणखी जनुकं लागतात. ती नसतील तर प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) थांबा आणि जातीचं नाव लिहू नका.

सापडलेला रेणू झाडाच्याच रसायनासारखा निघाला तर विशेष सावध राहा. १९९३ साली पॅसिफिक यू या झाडातली बुरशी स्वतः टॅक्सॉल हे त्या झाडातलं कर्करोगावरचं औषध बनवते असं प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर असे दावे कितीतरी आले. २०१३ साली एका गटाने अशा बुरश्या काळजीपूर्वक तपासल्या, तेव्हा टॅक्सॉल स्वतंत्रपणे बनवण्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. झाडातून आलेला अंश बुरशीबरोबर प्लेटवर येऊ शकतो. तेव्हा अनेक पिढ्या वाढवूनही संयुग मिळतं का, त्याचं प्रमाण वाढीबरोबर वाढतं का, आणि शक्य असेल तर बुरशीच्या जीनोममध्ये त्याचा जनुकसमूह आहे का, हे बघा.

रचना ठरवायला प्रोटॉन आणि कार्बन-१३ एनएमआर, सोबत कोझी, एचएसक्यूसी, एचएमबीसी हे द्विमितीय एनएमआर प्रयोग आणि अचूक वस्तुमान लागतं. दोन ते पाच मिलिग्रॅम शुद्ध संयुग असेल तर काम सुखाने होतं. इतकं मिळवण्यासाठी पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त तांदूळ लावावा लागेल. त्यासाठी पायरी ५ मधली पहिल्या पिढीची नळी बाहेर काढा, आताच्या प्लेटवरची बुरशी नको. एक नळी उघडा आणि दुसरी तशीच राहू द्या. काम पाठवण्याआधी वाण एखाद्या मान्यताप्राप्त कल्चर संग्रहात आणि अनुक्रम जेनबँक या डीएनए अनुक्रमांच्या खुल्या माहितीसाठ्यात जमा करा, दोन्ही क्रमांक निबंधात छापा. कच्चे एनएमआर आणि एलसी-एमएस वर्णपटही खुले ठेवा, म्हणजे तीच बुरशी दुसऱ्या कुणाला दुसऱ्या जंगलात सापडली तर त्याला पायरी १० वरच कळेल.